भिंतीवरचं पहिलं नाव

३ सप्टेंबर, मंगळवार

यादी मी करायची. मी!

आज मैदानावरच्या खोलीत समितीची बैठक झाली. समिती म्हणजे तिघंच – बेसबॉल लीगचे अध्यक्ष डॉन फाबियो, तोन्यो न्हावी आणि मी. सान मिगेलच्या जत्रेआधी मैदानाची मागची भिंत रंगवायची आणि तिच्यावर आपल्या लीगचे विक्रम लिहायचे असं ठरलं. सगळ्यात वर, हातभर उंच अक्षरांत, एका हंगामात सर्वांत जास्त होमरन मारणारा.

डॉन फाबियो म्हणाले, "यादी यानिरा करील. शिकलेली आहे, सामन्यांची वही तिच्याकडेच असते." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघायला लागले. तोन्योही बघायला लागला. बाहेर काय होतं? एक शेळी.

वहीत काय आहे ते सगळ्या गावाला पाठ आहे. १९९७. ओविदियो मान्योन – एकवीस. त्याच्या खाली एउसेबियो पोलांको – सतरा. एकवीसचा आकडा सत्तावीस वर्षांत कुणी ओलांडला नाही. आणि सत्तावीस वर्षं लोक म्हणतायत, ते एकवीस ओविदियोचे नव्हते, ताकदीच्या सुईचे होते.

एउसेबियो पोलांको म्हणजे माझे पापा.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं – मी त्यांची मुलगी, मला यात घेऊ नका. नाही सांगितलं. सगळ्यांना माहीत आहे हे खरं, पण माहीत असणं वेगळं आणि तोंडाने सांगणं वेगळं. का नाही सांगितलं? भीती की हाव?

४ सप्टेंबर, बुधवार

जेवताना पापांना सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला. "ओविदियोचं नाव वर," म्हणाले. मग उठून हात धुतले. भात तसाच.

६ सप्टेंबर, शुक्रवार

कोपऱ्यावरच्या दुकानात साखर आणायला गेले होते. बाहेर डोमिनोचं टेबल मांडलेलं. तोन्यो आणि मोटरसायकलवर सवाऱ्या नेणारा केकी, दोघांची जुंपलेली. आपल्याकडे गोष्ट दोन दिवससुद्धा पोटात राहत नाही!

तोन्यो म्हणत होता, "सुईला डोळे असतात काय रे? वळणारा चेंडू बघायला डोळे लागतात. घे तू सुई, घे दहा! बघू चेंडू कुठवर जातो तो."

केकी – "मी घेतली तर माझी मोटरसायकल मीच उचलून नेईन."

"तुझी मोटरसायकल आजही तूच ढकलत नेतोस!"

सगळे हसले. केकीने सोंगटी आपटली. "हसा. पण माझा भाऊ त्या वर्षी चेंडू फेकायचा. ओविदियोने त्याला चार होमरन मारल्या. भाऊ स्वच्छ होता. त्याने खेळ सोडला तो त्या चारांपायी. त्याचं नाव कोण लिहिणार भिंतीवर?"

"तुझा भाऊ स्वच्छ होता ते तुला काय ठाऊक? तेव्हा तू झबल्यात होतास."

"मला ठाऊक आहे!"

"झालं मग. तुला ठाऊक आहे म्हणून तुझा भाऊ देव, आणि ओविदियोचं कुणाला काही ठाऊक नाही म्हणून तो चोर. वा रे न्याय!"

मग केकीचं लक्ष माझ्याकडे गेलं. "अगं शाळामास्तरीण, तुला काय त्याचं? ओविदियो पुसलास की तुझ्या घरातच पहिला नंबर!"

हसत म्हणाला. वाईट मनाचा नाही तो. मी साखर न घेताच घरी आले. आईने विचारलं तेव्हा संपली होती म्हणून सांगितलं. म्हणजे आज एक खोटंही बोलले.

८ सप्टेंबर, रविवार

सकाळी सामना. सातव्या डावात जमिनीवरून गेलेला चेंडू आमच्या शेजारच्या मुलाच्या हातून निसटला. मी 'चूक' लिहिली. मग वाटलं, फार जोरात आला होता का? 'फटका' लिहून मारणाऱ्याला श्रेय द्यायला हवं होतं का? पण शाईने लिहिलं ते लिहिलं. त्याच्या नावावर एक चूक कायमची. त्याच्या आईने नंतर मला सरबत दिलं. अर्धा पेला तसाच ठेवून उठले.

दुपारी डॉन विनिसियोंकडे गेले. चाळीस वर्षं ही वही त्यांनी लिहिली. दोन वर्षांपूर्वी डोळे गेले तेव्हा सगळ्या वह्या दोरीने बांधून माझ्या हातात दिल्या. तेव्हा कारखान्याच्या वसाहतीतल्या बायका आईला म्हणाल्या होत्या, "तुझ्या पोरीच्या हातात गावाचा हिशेब आला!" आमच्या घरात माझ्याआधी कुणाला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पापा नावाचं पहिलं अक्षर तेवढं काढतात, तेही उलटं.

डॉन विनिसियोंना १९९७ची वही वाचून दाखवली. होमरन झाली की तो छोटा चौकोन शाईने पूर्ण भरायचा, ही त्यांचीच पद्धत. ओविदियोंच्या ओळीत पहिल्या वीस सामन्यांत दोनच चौकोन काळे. पुढच्या अठ्ठावीस सामन्यांत एकोणीस. ओळ बघताना असं वाटतं की कुणी दौत लवंडली. पापांची ओळ मात्र एकसारखी – आठवड्याला एक, कधी दोन, कधी काहीच नाही.

मी म्हटलं, "हे बघून तुम्हाला तेव्हा काही वाटलं नाही?"

"वाटलं की! वाटणं लिहायला वहीत रकाना नाही, पोरी. चेंडू कुंपणापलीकडे गेला की नाही? गेला. मी चौकोन भरला."

"आणि भिंत?"

"भिंतीचं मला विचारू नकोस. वहीत झालेलं लिहायचं असतं. भिंतीवर मान द्यायचा असतो. तसलं काम मी आयुष्यात केलं नाही, आणि देवाची कृपा, आता डोळेही नाहीत."

असं म्हणून खुशाल हसले. मला रडू यायचं बाकी होतं.

९ सप्टेंबर, सोमवार

एकदा मन लावून मांडून बघते.

एकवीस वेळा चेंडू कुंपणापलीकडे गेला. हे खोटं नाही. कुणी ते उलटं करू शकत नाही.

पण तो कुणाच्या बळावर गेला? ओविदियोंच्या की बाटलीतल्या? निम्मं निम्मं? मग साडेदहा लिहायचे?

कुणी तपासणी केली नाही. तेव्हा आपल्याकडे तपासणी नव्हतीच. नुसत्या संशयावर मेलेल्या माणसाचं नाव काढायचं, हे पाप. पण खरंच घेतली असेल आणि नाव वर घातलं, तर मैदानावर सराव करणारी ती सगळी पोरं रोज भिंतीकडे बघून काय शिकतील? आताच त्यांच्यातली काही जण 'ताकदीच्या' सुया कुठे मिळतात विचारत फिरतात. मी ऐकलंय.

आणि या सगळ्याच्या तळाशी – मला पापांचं नाव वर हवंय! हवंच आहे! साखर कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस दुसऱ्यांच्या अंगणातलं गवत कापतो. त्यांना कुणी कधी काही दिलं नाही. एकदा तरी त्यांचं नाव हातभर उंच असावं. आणि मला असं वाटतंय, म्हणून मी जे ठरवीन ते डागाळलेलंच.

११ सप्टेंबर, बुधवार

काही सुचत नाही. वीज नाही. पाऊस.

१४ सप्टेंबर, शनिवार

डोन्या नुर्कांनी बोलावून घेतलं. ओविदियोंची बायको. ओविदियोंना जाऊन पाच वर्षं झाली – एक्केचाळिसाव्या वर्षी हृदय बंद पडलं. घरी ती एकटीच. मूलबाळ नाही.

मी पायरीवरच थबकले. आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं नाही. पापा आणि ओविदियो एकेकाळी एका ताटात जेवायचे म्हणे. मी पाहिलं ते रस्ता बदलून जाताना. विक्रमावरून फाटलं, असं सगळे म्हणतात.

"ये गं ये, पाहुणी असल्यासारखी काय उभी राहतेस. कॉफी टाकलीय. तू एउसेबियोची ना? नाक त्याचंच आहे, बिचारी!"

हसवून मला बसवलं. कॉफी दिली. मग आतून एक डबा आणला. डब्यात जपमाळ, लग्नाचा फोटो आणि रुमालात गुंडाळलेली एक काचेची बाटली. बोटभर लांब. तळाशी वाळलेला पिवळा थर.

म्हणाली, "लोक काय बोलतात मला ऐकू येतं. मी बहिरी नाही. त्याच्या मयताच्या दिवशीसुद्धा बोलत होते. आमचं लग्न झालं ते तो अमेरिकेहून खांदा मोडून परत आल्यावर. पण त्याने मला सगळं सांगितलं होतं. त्या वर्षी तो व्हिटॅमिन घ्यायचा. दर मंगळवारी. एक मित्र टोचायचा. त्याचा हात इतका हलका, म्हणायचा, की सुई कळायचीच नाही. ही शेवटची बाटली त्याने जपून ठेवली. म्हणाला, नुर्का, उद्या कुणी माझ्यावर आळ घेतलाच तर ही दाखव. वर लिहिलेलं असेल."

"कोण मित्र?"

"नाव नाही सांगितलं. शब्द दिला होता म्हणे. मी इतकी वर्षं बाटली कुणाला दाखवली नाही. दाखवणार कुणाला? ज्यांना वाचता येतं ते सगळे बोलणारे. पण तू वेगळी. तुझ्याबद्दल बाजारात म्हणतात की ही पोरगी वजनकाट्यासारखी आहे, बापालाही सोडणार नाही. घे. वाच, आणि लिही त्याचं नाव."

बाटली माझ्या हातात दिली. चिकटवलेला कागद तपकिरी पडलेला, पण अक्षरं शाबूत. मी मनातल्या मनात वाचलं. परत वाचलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, प्रार्थनेत बघतात तशी.

व्हिटॅमिन म्हणून सांगता आलं असतं. कुणाला कळलं असतं?

मी मोठ्याने वाचलं. "गुरांसाठी. वजन आणि स्नायू वाढवण्यासाठी. फक्त पशुवैद्याच्या सल्ल्याने. माणसांनी वापरू नये."

तिने पुढे वाकून कागदावरून बोट फिरवलं. बाहेर कुणाचातरी रेडिओ चालू होता. मग म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

"डॉक्टर म्हणाले होते, हृदय बैलाएवढं झालंय. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल." मग म्हणाली, "मूल नाही झालं. दोष माझ्यात नाही म्हणाले होते. मी तरी नवस बोलत राहिले." मग, अगदी हळू – "म्हणजे कुणीतरी माझ्या माणसाला ढोर समजलं."

मी उठले. कॉफीचा कप धुऊन ठेवला. निघताना तिने बाटली परत रुमालात गुंडाळली, डब्यात ठेवली, आणि म्हणाली, "तू खरं वाचलंस. तुझं भलं होवो." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१५ सप्टेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. आईला डोकं दुखतंय म्हणाले. खरंच दुखत होतं.

आता संशय उरला नाही. पुरावा आहे. आणि तो मला त्याच बाईने दिला, जिला वाटत होतं की त्यानेच नवरा सुटेल!

ओविदियोंना माहीत होतं का? व्हिटॅमिन म्हणून घेतली असेल तर? पण एकोणीस वर्षांचा माणूस. तीन महिन्यांत खांदे दारात मावेनात. एकदाही विचारलं नसेल, यात आहे तरी काय? माहीत नव्हतं हे बायकोला सांगायला सोपं असतं. मला वाटतं, माहीत होतं. निदान माहीत करून घ्यायचं नव्हतं.

 मला कुणी न्यायाधीश नेमलंय?

१८ सप्टेंबर, बुधवार

झालं.

बैठकीत सुरुवातीलाच म्हणाले, "मी एउसेबियो पोलांकोंची मुलगी आहे. मी मत देऊ नये." डॉन फाबियोंनी कपाळाला हात लावला. "अगं, ही बातमी आहे का? तू जन्मलीस तेव्हा मीच तुझ्या बापाला रम पाजली होती. बोल पुढे!"

मी बाटलीचं सांगितलं. डोन्या नुर्कांचं नाव घेतलं नाही, पण कुठून आली ते दोघांनाही कळलं.

डॉन फाबियो – "मग नाव नको. जत्रेला राजधानीहून लोक येणार, अमेरिकेचे क्लबवालेही येतील. आपल्या भिंतीवर गुरांचं औषध नको."

तोन्यो उसळला. "तिथलेच दोन क्लबवाले खेळाडू निवडायला आले होते ना तेव्हा? चौथ्या रांगेत बसून काड्या चावत? त्यांनी विचारलं का, याचे खांदे रातोरात कसे फुगले? घेऊन गेले, मोडला, आठ महिन्यांत परत पाठवून दिला. आता त्यांच्यासमोर लाज वाटते म्हणून आपणही त्याला पुसायचं? आधी त्यांनी टाकला, आता आपण!"

मी विचारलं, नाव ठेवून खाली दोन ओळी लिहिता येतील का? काय झालं ते? डॉन फाबियो म्हणाले, भिंत म्हणजे वर्तमानपत्र नव्हे.

एक मत इकडे, एक तिकडे. दोघंही माझ्याकडे बघायला लागले. या वेळी शेळी नव्हती.

मी म्हटलं, "वहीत ओविदियो राहतील. एकवीसच्या एकवीस. त्याला मी हात लावणार नाही. पण भिंतीवर नको."

तोन्यो टोपी घालून उठला. दारात वळून म्हणाला, "तू बरोबर असशील, पोरी. पण आज तुझ्याकडून केस कापून घ्यायची मला भीती वाटेल." विनोद करायचा होता त्याला. जमला नाही.

घरी येताना पाय हलके वाटत होते. मग त्या हलकेपणाचीच लाज वाटली.

१९ सप्टेंबर, गुरुवार

पापांना सांगितलं. टोपी न घेता बाहेर गेले. जेवायला आले नाहीत.

२२ सप्टेंबर, रविवार

तीन दिवसांनी पापा बोलले. अंगणात कोयता घासत बसले होते. मान वर न करता.

"त्याने एकविसावी होमरन मारली तेव्हा मी दुसऱ्या बेसवर होतो. चेंडू डोक्यावरून गेला तो मी बघितला. उसाच्या रानात पडला, कुणाला सापडला नाही. मी पुढे धावलो, घरच्या बेसला पाय लावला आणि तिथेच त्याची वाट बघत थांबलो. त्याने मला उचललं. मला! माझं काय वजन कमी होतं तेव्हा?" कोयत्यावर पाणी शिंपडलं. "त्याच्या होमरन त्याच्या आहेत. नाव घाल त्याचं."

मी समजावलं. बाटलीचं सांगितलं – कागदावर काय लिहिलं होतं ते, अक्षर न् अक्षर. त्यांनी कोयता घासायचा थांबवला.

"नुर्काला वाचून दाखवलंस?"

"तिनेच सांगितलं वाच म्हणून."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कुणीतरी माझ्या माणसाला ढोर समजलं."

त्यांनी कोयता बाजूला ठेवला. मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "पापा, तुम्ही त्यांच्या बाजूने बोलता हा तुमचा मोठेपणा आहे. पण तुमचे सतरा स्वच्छ आहेत. कुणाच्या सुईचे नाहीत. त्याची लाज कशाला वाटायची?"

"माझे सतरा स्वच्छ आहेत," ते म्हणाले. पाठ केलेला धडा म्हणावा तसं.

असा बाप किती जणींना असतो! हरलेल्या बाजीत ज्याच्यामुळे हरले, त्याच्यासाठी भांडणारा. मला फार अभिमान वाटला. इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी त्यांच्यावर चिडले तर वाचता येईल.

२५ सप्टेंबर, बुधवार

रंगारी कामाला लागला. निळी भिंत, पांढरी अक्षरं. 'एउसेबियो' झालं, 'पोलांको' उद्या. मी लांबून बघत उभी राहिले. सुख व्हायला हवं होतं. झालं नाही.

डोन्या नुर्का पाव घेऊन चालली होती. थांबली. रंगाऱ्याला विचारलं, कोणाचं नाव रे? त्याने सांगितलं. तिने मान हलवली – बरं, म्हणाली. "एउसेबियो भला माणूस. मयताच्या दिवशी सगळ्यात आधी तोच आला होता. खड्डा त्यानेच खणला. कुणाला हात लावू दिला नाही."

हे मला माहीत नव्हतं. पापांनी कधी सांगितलं नाही.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आईने पापांचा पांढरा सदरा इस्त्री करून ठेवला. उद्या अकरा वाजता भिंतीवरचा पडदा उघडणार. ते फक्त म्हणाले, "बघू."

२८ सप्टेंबर, शनिवार

आले नाहीत. डॉन फाबियोंनी तीनदा नाव पुकारलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मीच घेतल्या.

घरी आले तर इस्त्रीचा सदरा घालून पलंगावर बसले होते. बस म्हणाले.

"कारखान्याच्या बैलांना सुया मीच द्यायचो. हात हलका म्हणून मुकादमाने ते काम माझ्याकडे दिलं होतं. त्या वर्षी अमेरिकेच्या क्लबचा माणूस मला म्हणाला, तू चल, तुझा मित्र काडी आहे, त्याला राहू दे. मला एकट्याने जायची भीती वाटली. भाषा येत नाही, वाचता येत नाही. वाटलं, तोही अंगाने भरला म्हणजे दोघं जाऊ. पण त्यांनी नेलं त्याला एकट्याला."

मी विचारलं, "त्यांना काय सांगितलंत?"

"व्हिटॅमिन. त्याने विचारलं होतं. दोनदा विचारलं."

"आणि तुम्ही स्वतः का नाही घेतली?"

"ती घेतलेले बैल दोन हंगाम जोरात ओढायचे," पापा म्हणाले. "तिसऱ्या हंगामाला एकही उभा नसायचा. बघितलं होतं मी, पोरी."